बिल्ला एकशे सत्तेचाळीस

लुब्लिनच्या आमच्या विद्यापीठात
नोव्हेंबर ते मार्च मी कोट सांभाळते.
एक कोट, एक बिल्ला. पितळेचा, कडा झिजलेला.
एकवीस वर्षं झाली. आता चेहऱ्याआधी मला अस्तर ओळखू येतं,
कुणाच्या खिशात कांद्याचा पाव, कुणाच्या सिगारेटी.

एकशे सत्तेचाळीसचा कोट हिरवट, आजोबांचा असावा,
खांद्यात दोन बोटं सैल.
दोन हिवाळे तो काउंटरवर टाकत
एक मुलगी म्हणायची, "मी आले, बोगुमिवाबाई,"
आणि मी म्हणायची, "आलीस?"
एवढंच आमचं बोलणं.

मग जानेवारीतला एक मंगळवार, उणे चौदा,
बुटांचा चिखल जिन्यापर्यंत,
आणि काउंटरपलीकडून तोच आवाज, जरा घोगरा:
"मी उशिरा आलो."

आलो.
आमच्या भाषेत क्रियापदाचं शेपूटच सांगतं
बोलणारा कोण ते.
एका कान्याचा फरक. तो किती दिवस
जिभेखाली धरून हिंडला असेल?

मागे रांग. कुणाचं लक्ष नव्हतं.
मी सवयीनं म्हटलं, "आली..."
आणि गिळलं. माशाच्या काट्यासारखं घशात खरखरलं.
"आलास," म्हटलं. "बरं झालं. गारठा आहे."
त्यानं बिल्ला घेतला. बोटं थरथरत होती,
थंडीनंही असतील.

नाव नंतर कळलं, क्लेमेन्स.
हजेरीपटावर अजून क्लेमेन्टिनाच,
तिथे अर्ज लागतो, शिक्के, कोर्टाचा कागद.
त्यांच्या मंडळानं खोली मागितली तर कार्यालय म्हणालं, बघू.
बघू म्हणजे काय, ते एकवीस वर्षांत मला कळलंय.
म्हणून गुरुवारी सातनंतर, कोट घरोघरी गेले की
रिकाम्या हुकांखाली ती सहा-सात मुलं बसतात.
किल्ली माझी. कुणी विचारलंच तर मी हुक मोजत असते.
एकजण भौतिकशास्त्राचा गृहपाठ उतरवतो,
एकजणी घरी काय बोलायचं त्याची तालीम करते
आणि दरवेळी "आई" या शब्दावर अडकते.

दारावरच्या झेनॉनला हे पसंत नव्हतं.
पहिले गुरुवार तो किल्ल्या आपटायचा.
एकदा मात्र खिडकीतून डोकं काढून म्हणाला,
"तुझं ते पोर आलंय."
ते. नपुंसकलिंग.
त्या वर्षी झेनॉन इथवरच पोचला.
मी त्याला चहा दिला.

फेब्रुवारीत आई आली. खेड्यातून, दोन बस बदलून,
खारवलेल्या काकड्यांची बरणी छातीशी धरून.
"माझी क्लेमेन्टिना? ओळखता तुम्ही तिला?"
ओळखते.
हिला काय ठाऊक होतं, काय नव्हतं, कोण जाणे.
सांगायचं ते त्यानं. माझं काम कोट सांभाळायचं.
"तो" म्हणाले असते तर त्याचं गुपित फुटलं असतं,
"ती" म्हणाले असते तर मी फुटले असते.
अंधारात बटणं चाचपावीत तसे शब्द चाचपले
आणि म्हटलं, "तिसरा मजला. वर्गात आहे."

आहे.
याला शेपूट नाही.
उलटसुलट कसाही घालता येणारा कोट.

बाईंचा कोट मी एकशे अठ्ठेचाळीसवर टांगला, शेजारीच.
तासाभरानं त्या उतरल्या, नाक लाल, बरणी हातात नव्हती.
वर काय झालं, विचारलं नाही.
बटणं लावताना त्या दोनदा चुकल्या.

सोमवारी त्यानं काउंटरवर बरणी ठेवली.
झाकणावर चिकटपट्टी, आईच्या अक्षरात: क्लेम.
जुन्या नावातलं की नव्या? दोन्हीत बसतं.
तो सारखा त्यावरून अंगठा फिरवत होता.
"घ्या ना, बोगुमिवाबाई."
मी एक काकडी काढली.
मीठ जरा जास्त झालं होतं.