डाव्या बाजूचा ओरखडा

"डावीकडं ओरखडा, इंडिकेटर फुटका.
अठराशे." शिकलगार वहीवर बोट ठेवतात.
डिपॉझिट त्यांच्या गल्ल्यात,
म्हणून आवाज माझाच चढतो.

ओरखडा जुना आहे. सकाळी निघतानाचा फोटो आहे.

फोटोत स्कूटर आहे, मागं पोवई नाका,
आणि नेमकी ओरखड्यापुढं
हेल्मेट काखेत धरून तू.

दोन बोटांनी मोठा करत जातो:
ओढणी,
ओढणीचा हळदी काठ,
काठाखालचं काहीच दिसत नाही.

शिकलगार चष्मा कपाळावर सारतात.
"बाई कुठायत?"

यवतेश्वरच्या घाटातच उतरलीस,
वडापनं एकटी खाली गेलीस,
हे वहीत कुठं मांडणार?

"इंडिकेटर मी फोडला," म्हणतो,
"तेवढ्याचे कापा.
ओरखडा आधीचाच आहे."