वाकलं, झिजलं नाही

मायक्रोमीटर मी घरूनच नेला होता
टिफिनच्या पिशवीत, फडक्यात गुंडाळून.
सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या टेबलावर ठेवला
तेव्हा ईरण्णा हिरेमठ हसला नाही,
एवढं त्याचं मानतो.

वैजूची गाडी, चौदा महिन्यांची.
रोज शिनोळीवरून चंदगडला जाते,
हद्द ओलांडून, दवाखान्याच्या ड्यूटीला.
पंधरवडा झाला, ब्रेक लावला की
पायाखाली धडधड, स्टिअरिंग लटलट,
चकात जॉब सैल राहिल्यासारखं.

हमीचं पुस्तक इंग्रजीत, पावती कानडीत.
भांडायला मराठी होतीच माझ्याकडे.

"काका, पान एकेचाळीस बघा.
झिजणाऱ्या वस्तूंना वॉरंटी नाही.
पॅड, वायपर, क्लच. डिस्क पण त्यातच."

झिजणारी! मला शिकवतोय.
एकतीस वर्षं उद्यमबागेत बीडच घासलं मी,
अजून नाक शिंकरलं तर काळं येतं.
"मोज," म्हटलं.
त्यानं चार ठिकाणी मोजलं.
एकवीस पूर्णांक पंच्याण्णव. जवळजवळ नवीच.
मग डायल लावला, चाक हातानं फिरवलं.
काटा गेला, आला. गेला, आला.
आठ शतांश.
पाचापर्यंत चालतं, हे त्याच्याच पुस्तकात.

"ही झिजली नाही गा, वाकलीय.
झीज वापरणाऱ्याची. वाकणं तुमच्या भट्टीचं.
ओतून घाईनं काढली असणार साच्यातून,
निवायला वेळ दिला नसणार."
बोलत राहिलो.
बाकीचे गिऱ्हाईक चहा सोडून ऐकायला लागले.
खोटं नव्हतं त्यात काही. होतंही तसं कधी कधी.

ईरण्णानं पेन खाली ठेवलं.
त्याचे अप्पा फाउंड्रीत ओतकाम करायचे,
मला माहीत होतं,
आणि मला माहीत आहे हे त्याला.
मराठी सोडून तो हळूच कानडीत शिरला,
"नीर हाकीरेन्री, काका?"

पाणी टाकलंत का.

चोर्ल्याचा घाट उतरून आम्ही साखळीला निघालेलो, लग्नाला.
सगळा उतार वैजूचा पाय ब्रेकवर.
खाली टपरीपाशी थांबलो तर चाकांतून जळका वास.
तापल्या बिडावर पाणी मारलं म्हणून
पोरांच्या कानाखाली आवाज काढणारा मी,
मीच टपरीवाल्याची बादली मागून घेतली
आणि पुढच्या दोन्ही चाकांवर ओतली.
चर्रर्र. नुसती वाफ.
का, ते सांगता येत नाही.
लांबून आलेल्या बैलाच्या खुरांवर बाप ओतायचा,
तसलं काहीतरी असेल.
नाहीतर पोरीची गाडी, एवढंच.

तोंड उघडलं मी. खरंच उघडलं.

"इल्ला," वैजू म्हणाली,
मोबाइलमधून मान वर न काढता.
ती तिथंच होती त्या दिवशी, चिकू सोलत.
वाफ अंगावर आली तशी
ओढणी तेवढी मागं घेतली होती.

ईरण्णानं चौकोनात खूण केली.
फॉर्म हुबळीला गेला, अकराव्या दिवशी आला.
डिस्क कंपनीच्या, मजुरी आपली.

जुन्या मागितल्या मी.
लेथवर धरून हलका एक फेस मारला असता,
अजून दोन वर्षं पळाल्या असत्या.
"देता येत नाहीत, काका. कंपनी तपासते."
म्हणजे कुठंतरी कुणीतरी त्या चकात धरणार,
उजेडाकडे फिरवणार,
बिडावरचा तो निळसर डाग बघणार.
माझ्यासारखाच कोणी असला
तर त्याला डायल लागायची नाही.

येताना वैजू चालवत होती.
तिसऱ्या गेटापाशी पुढं उसाची ट्रॉली, लाइट नसलेली.
गाडी थांबली. लोण्यासारखी.
"बघितलं?" ती म्हणाली.

मी खाली बघत होतो.
माझा पाय गच्च दाबलेला,
जिथं पेडल नव्हतं तिथं.