खिळ्यावरची रबरं

डिसेंबरात फुटाळ्यावर समीक्षानं गुपचुप पुढे केलं
आणि ते माझ्या तोंडात गेलं नाही.
ती हसली. तिला वाटलं, बाबा मस्करी करून राहिले.
मीही हसलो, जेवढं उघडते तेवढं.

मेडिकलच्या दातांच्या ओपीडीत
एक पोरगीशी डॉक्टर म्हणाली, तीन बोटं घाला, उभी.
माझी दोनच गेली.
तिनं कागदावर दोन लिहिलं,
मी लिहितो तसं,
लोकांच्या जिन्याखाली वाकून, कुत्रं भुंकत असताना,
मीटरचा आकडा.

एक तारखेला स्वेटरवर मफलर, त्यावर हेल्मेट,
गोळीबार चौकात डोमाजी हेडाऊच्या ठेल्यापाशी गाडी लावली
आणि सांगून टाकलं: आजपासून खर्रा बंद.
तो पन्नी घोटत होता. हात थांबला नाही.
"हाव. सकाळपासून तू सातवा.
दहा तारखेपर्यंत धंदा मंदाच असते माहा.
मंग येता तुमी सारे, एकेक करून, मान खाली घालून."

राग आला.
म्हणून तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो,
न घ्यायला.
त्यानं पन्नीला बांधायचं एक रबर उचललं,
उदबत्तीच्या वरच्या खिळ्यावर टांगलं.
असं रोज. मी उभा राहायचो, बडीशेप चघळायचो,
तो एक रबर टांगायचा.
रत्नमाला म्हणे, सोडासाठी ठेल्यावर जाणारा माणूस
तुम्हीच पाहिला बाप्पा.

तोंडाचं एवढं नव्हतं. हाताचं होतं.
हात आपोआप खिशात जायचा,
पन्नीची चुरचुर शोधायचा, रुमाल घेऊन परत यायचा.
त्या आठवड्यात प्रतापनगरातल्या एका म्हातारीच्या बिलात
मी एक शून्य जास्त लिहून आलो.
संध्याकाळी पुन्हा जाऊन खोडलं.
तिनं चहा दिला. तिला वाटलं, सरकार सुधारलं.

बारा रबरं झाली.
मग संक्रांत. गच्चीवर सारी पोरं, ओ काट, ओ काट,
आणि माझ्या साळ्यानं, गजूनं,
तिळगूळ द्यावा तशी पन्नी पुढे केली.
घेतली.
वर कोणाचा तरी पतंग कटला.
कोणाचा, ते पाहिलं नाही.

पंधराला ठेल्यावर गेलो नाही. सोळालाही नाही.
मोमिनपुऱ्याकडून वळसा घालून घरी.
सतराला डोमाजीनं भर चौकात हाक मारली,
"काऊन बे, उधारी हाये का माही?"
सांगितलं. म्हटलं, काढ सारी, पुन्हा एकपासून.
त्यानं खिळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"एक दिवस हुकला. बाकीचे का कुत्र्यानं नेले?"
आणि तेरावं टांगलं, बारांच्या वर.

फेब्रुवारीत आणखी दोनदा.
मार्च एंडिंगला एकदा, अर्धा, मग थुंकला.
दर वेळी जाऊन सांगितलं.
तो ऐकून घ्यायचा, दुसऱ्या कोणाचा तरी खर्रा घोटत.
इतक्या वर्षांत त्याच्या स्वतःच्या तोंडात
मी कधी काही पाहिलं नव्हतं.
विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

मे. सेहेचाळीस. डांबर चपलेला यायचं.
ठेल्यावरची रबरं वितळून एकमेकांत गेली,
एक तपकिरी गोळा, खिळ्याला धरून बसलेला.
मोजायला गेलो तर नखात आला.
कोणतं जानेवारीचं, कोणतं कालचं,
कोणत्या दोघांच्या मध्ये गजूची गच्ची,
काही कळेना.
डोमाजी म्हणाला, "झालं. आता कायले टांगू?"

ओपीडीत त्याच पोरीनं पुन्हा बोटं घालायला लावली.
दोन गेली.
तिसरं नखापर्यंत, मग अडलं.
ती पेन धरून थांबली.
छापील कागदावर अर्ध्यासाठी रकाना नव्हता.
म्याडम, मी म्हटलं,
जे दिसते ते लिहा.