वीस मिनिटं

मुंजाजीचं मशीन वीस मिनिटं चालतं
आणि मरतं.
बाभळीच्या बुंध्यात पातं तसंच अडकवून
तो बिडी ओढत बसतो.
गार झालं की परत एका हिसक्यात सुरू.
"कुण्या डॉक्टरला दाखवावं, आपा," तो म्हणाला,
"दुपारी मुर्दा, संध्याकाळी जित्तं."

वसमतला सध्या हळद शिजायलीय.
मोंढ्यापासून आमच्या शटरपर्यंत रस्ता पिवळा,
नोटा पिवळ्या, कुत्र्यांचे पाय पिवळे,
आणि प्रत्येक कढईखाली लाकूड पाहिजे,
आजच पाहिजे.

नांदेडच्या कुण्या पोरानं ते मशीन उघडून
सायलेन्सरला दोन भोकं पाडलेली,
बुडाचं गॅस्केट काढून टाकलेलं,
फ्लायव्हीलची चावी कानशीनं घासून
ठिणगी पुढं ओढलेली.
मुंजाजी हे सगळं
लेकराच्या मार्कांसारखं सांगतो.

मी प्लग काढून सिलिंडरला टेकवला, दोरी ओढली.
निळी. टच्च.
मीटर लावला, कॉइल ठणठणीत.
गार असताना सगळ्याच कॉइली शहाण्या.
म्हणून पत्र्यावर ठेवली, मार्चच्या उन्हात,
नजमाखालाच्या कुरडयांशेजारी,
आणि अर्ध्या तासानं फडक्यात धरून उतरवली.
आता ठिणगी पिवळी,
गावाच्याच रंगाची.
मग तीही नाही.

दोन दिवस सुईनं काळी राळ उकरत होते.
अब्बांनी जन्मभर विहिरीतल्या मोटारी भरल्या,
त्यांची तार डोळ्याला दिसायची तरी.
ही बोटाला टोचली की कळते,
जोरात श्वास सोडला की तुटते.
जिथं ती प्लगच्या वायरीला मिळते
तिथला डाख सुटलेला:
गार असता दोन्ही टोकं टेकून,
तापली की केसाएवढी लांब.
एवढ्यावर तीन शेतांची हळद अडून बसली होती.

"हात लागलाच हाय तर चावी आणखी घासा की.
जरा पुढं घ्या अजून."

अब्बा बाहेर बाजेवर होते.
मोतीबिंदू झाल्यापासून ते मशीन कानानं उघडतात.
"पिस्टन वर पोचायच्या आधी ठिणगी पडावीच लागते," ते म्हणाले,
"आगीला पसरायला वेळ लागतो म्हणून.
किती आधी, हा सगळा धंदा तेवढ्याचा."
आणि उजवा अंगठा वर केला,
जो एका उन्हाळ्यात उलट्या फिरलेल्या दोरीनं मागं नेला
आणि अजून तिकडंच बघतो.

मी काही बोलले नाही.
नवी चावी बसवली, कोरी.
घासलेली डब्यात टाकली,
तिथं तसल्या अकरा आधीच आहेत.

मग विमा एजंट सूर्यकांत पोटेकर यांचं कार्ड
चुंबक आणि कॉइलच्या मधोमध धरून
दोन्ही स्क्रू आवळले.
पोटेकर चार वर्षं चहा पिऊन गेले,
पॉलिसी एकही खपली नाही,
पण तीन दशांश मिलिमीटर
कायमचे देऊन गेले.

मुंजाजीनं दोरी ओढली.
बोटांना हिसका बसला नाही
म्हणून त्याला शंका आली.
"जरा मऊ बोलायलंय."
चारशे ठरले होते.
साडेतीनशे आणि हळदीचं एक पुडकं ठेवून गेला.

दुपारी कॅनॉलकडून आवाज आला.
घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवून बघितलं.
सतरा. अठरा.
एकोणिसाव्याला मी पंख्याचं वाइंडिंग खाली ठेवलं.
वीस गेलं.
बाविसाव्या मिनिटाला थांबलं.

"बुंधा बदलायलाय," अब्बा म्हणाले.
त्यानंतर कुठं बाभूळ पडल्याचा आवाज
आमच्यापर्यंत येऊन पोचला.
आणि नेमकी तेव्हाच शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली,
पुढचं काही ऐकू आलं नाही.