व नसलेली वीट

सांगलीच्या स्टँडवर कंडक्टर ओरडतो,
"विटा, विटा, विटा!"
आणि दर वेळी मला वाटतं,
आता हा मोजायला लागेल:
शेकडा, हजार, ट्रॉली.

भिलवडीच्या पुढं, कृष्णेच्या मळीत
आमची शाळा म्हणजे भट्टीशेजारचं पत्र्याचं शेड.
फळ्यावरची राख सकाळी पुसली
की दुपारी परत हजर.
हौसाक्काची सगुणा तिथं शिकायची,
म्हणजे पहाटे तीनला आईबरोबर चिखल तुडवायची
आणि अकराला माझ्यासमोर झोपायची.

एकदा म्हटलं, चित्राखाली नाव लिहा.
तिनं लिहिलं: ईट.
मी लाल पेनानं खोडलं.
"व लाव. विहीर, विळा, विंचू, वीट."
ती म्हणाली, "इहीर, इळा, इच्चू.
आमच्याकडं व न्हाई, गुरुजी."
"मग मिळव," मी म्हणालो.
माती मालकाची, साचा मालकाचा,
व कुठून आणणार होती ती?

हौसाक्का दारातनं हसली होती:
"एक ईट उचलायची, एक ईट यायचा.
कंबरंला दोनी सारखंच."

रिटायर झाल्यावर वेळ जाईना म्हणून
कोश चाळत बसलो.
इष्टका. मग इट्टा. मग ईट.
व तर अगदी शेवटी आला,
जेवणं झाल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.
इष्टका, यज्ञाच्या वेदीत रचायची ती.
इष्ट म्हणजे हवीहवीशी, असं कोश म्हणत नाही;
ते मीच ताणतोय.
आणि तो वीट, जो येतो,
तो विटण्यातला, कापडाचा रंग विटतो तसा.
दुसऱ्याच गावचा.
दोघांना एकच आवाज वाटून घ्यावा लागला,
भट्टीवर दोन बिऱ्हाडांना एक खोपट मिळतं तसा.

म्हणजे पोरीच्या हातात होता
तो शब्द माझ्यापेक्षा कितीतरी जुना,
ओला, नखात माती असलेला,
आणि माझ्या हातात
जिल्हा परिषदेचं लाल पेन.

पुढच्या हंगामात ते बिऱ्हाड आलं नाही.
हजेरीत तिच्या नावापुढं मी
फेब्रुवारीपर्यंत गै. लिहीत राहिलो.

परवा गाडीत चढताना एका म्हातारीनं विचारलं,
"ही इट्याला जाती का, बाबा?"
कंडक्टर म्हणाला, "विट्याला, मावशी, विट्याला."
मी सरकून जागा केली.
म्हटलं, "इट्यालाच जाती. बसा."