साडेतीन घरं

मशीनने खाली छापलंय : नॉर्मल.
मशीनला घाई असते.
मला नाही. ओपीडी उठलीय,
पंख्याखाली गोविंदा वलथरे उघड्या छातीने पडलेत,
हातापायांना चिमटे, बरगड्यांवर जेलीचे सहा ठिपके.
'हलू नका, बाबा.'
'हालत नाई जी. मासोळीवानी पडून आहो.'

मी पोराच्या कंपासपेटीतलं कर्कटक काढते,
पट्टी उजेडात धरते.

उंच टोकाच्या आधी एक बुटकी टेकडी असते.
तिच्याकडे कोणी बघत नाही.
काळजाच्या वरच्या दोन खोल्यांतून वीज जाते
त्याची तेवढीच खूण.
तीन बारीक घरांत ती संपायला हवी.
यांची साडेतीन.
शिवाय खालच्या ओळींत ती आधी वर जाते, मग रेषेखाली बुडते.
म्हणजे वीज वरच्या वाटेने पलीकडे गेलीच नाही.
खाली उतरली, वळसा घातला,
आणि डावी खोली तळाकडून चढत गेली.

हे कसं सांगायचं?

वलथरे चाळीस वर्षं तलावाचे पाणकर.
तुडुम कधी उघडायचा, कोणत्या बांधीला किती पाणी,
सगळं त्यांच्या बोटांवर.
मी म्हटलं, बाबा, तुडुम उघडलाय,
पण शेवटच्या बांधीत पाणी उशिरा पोचतंय.
ते छताकडे बघत राहिले.
'मंग पाटात बेशरम वाढली असन.
नाई तं गाळ.'

हो, गाळच.
एकाहत्तर वर्षांचा काही, तो कोणाला चुकत नाही.
बाकीचा दाबाचा. पारा एकशे सत्तरच्या वर,
गोळी 'बरं वाटलं म्हून' सोडलेली.
दाब राहिला की डावी खोली फुगते,
भिंत ताणते, ताणलेल्या भिंतीत वाळलेले धागे बसतात.
रोजच्या ताटात सुकसी, तिच्यात मीठ किती हे कौतिकाबाईच जाणोत.
साखर शेवटची तपासली ती शिबिरात,
कागद पोळ्याच्या आधी कधीतरी उंदरांनी नेला.
आणि पोट. पोटावर हात फिरवून ते स्वतःच हसले.

'रात्री घोरता?'
'मले का मालूम? बुढी म्हनते,
घोरता घोरता मदीच मुका होतो.
मंग ते उठून माह्या नाकाशी हात धरते.'

हे मी अधोरेखित केलं. दोनदा.

उईके मॅडमने पट्टी पाहिली, भुवई उचलली.
म्हणाल्या, लिहून ठेव.
पुढे ठोके भरकटू शकतात, भरकटले तर गुठळी,
गुठळी कुठे जाईल सांगता येत नाही.
सगळ्यांना होतं असं नाही, म्हणाल्या.
गोळी परत सुरू. साखर उद्या उपाशीपोटी. झोपेसाठी भंडाऱ्याला चिठ्ठी.

'पन ते बेशरम कापाची कोनी?'
आत कापता येत नाही, बाबा.
वाढू द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात.
शर्टाची बटणं लावत ते थांबले.
'म्हंजे पार राखाची.'
चिठ्ठी घडी घालून टोपीत ठेवली,
सायकलला टांग मारली. टांग मारू नका म्हणायचं राहिलं.

माझ्या वडिलांच्या पट्टीवरही नॉर्मलच होतं.
राइस मिलच्या काट्यावर बसायचे.
एका सकाळी पोत्याचं वजन लिहिता लिहिता
उजवा हात थांबला,
आणि तोंडातून आकडा वेडावाकडा बाहेर आला.
ती पट्टी विम्याच्या पाकिटात आहे.
ही नोकरी लागली तेव्हा काढून बघितली, मोजायला.
तसला कागद उन्हाने, दिवसांनी पांढरा होतो.
चौकोनही गेले होते.
टेकडी होती की नव्हती, किती घरांची, कळायला मार्ग नाही.

म्हणून वलथरेंची पट्टी घेऊन
मी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले.
लाइट नव्हती.
बाकावर बसले,
येईपर्यंत.