चादरींचा आकडा

इराप्पा मडिवाळ चादरी कानडीत मोजतो.
ओंदु, एरडु, मूरु...
काउंटरसमोरच्या लादीवर गाठोडं सोडून,
एकेकीचं टोक चिमटीत धरून.
मी मराठीत लिहून घेतो.
बावीस वर्षांत आमचा मेळ कधी चुकला नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डामागं
आमचं पद्मावती लॉजिंग, खोल्या सत्तावीस.
फाल्गुनात चौपन्न चादरी, रोजच्या रोज.
हळदीचे सौदे सुरू झाले की इरोडहून मुरुगेसन यायचे.
सात नंबर, पहाटे चारला गरम पाणी,
आणि निघताना गादीवर एक पिवळा माणूस सोडून जायचे:
खांदा, कोपर, गालाची एक बाजू.
इराप्पा शिव्या घालायचा.
हळदीला साबण लागला की डाग लाल होतो,
बघणाऱ्याला वाटावं, खून झाला लॉजवर.
मग उन्हात टाकायचा. ऊन खातं हळद.
दुपारपर्यंत सगळं माफ.

औंदा चादरी पांढऱ्याच्या पांढऱ्या जातात.

भाव पडला असता तर समजलो असतो.
पडल्या भावात घेणारे येतात,
चढल्या भावात विकणारे,
दोघांनाही रात्री पाठ टेकायला गादी लागते.
पण भाव नुसता हलतोय.
सकाळी एक, जेवण होईस्तोवर दुसरा.
हलत्या भावात माणूस घरीच बसतो
मोबाईल पोटावर ठेवून.
मी मुरुगेसनना फोन लावला.
म्हणाले, "पाक्कलाम."
अर्थ विचारावा लागला नाही.
गेले दोन महिने हाच शब्द
मी चार भाषांत ऐकतोय.

मालकांनी, भूपालअण्णांनी, काउंटरवरचं पेन उचलून नेलं.
"बुकिंग आता पेन्सिलीनं लिहीत जा."
रजिस्टरच्या शिवणीत खोडरबराचा चुरा साठतो.
फुंकर मारली की तासगावचा बेदाणेवाला उडतो,
लग्नाच्या दहा खोल्यांतल्या आठ उडतात.
वरचा मजला बंद. मोटर दिवसातून एकदा.
नाष्ट्याच्या पाटीवर उपीट तेवढं राहिलं,
पुरीभाजीवर ओला फडका फिरला,
पण "पुरी" अजून वाचता येते
उजेड तिरका पडला तर.

हसीना मुजावर आता आठवड्यातून तीन दिवस.
बाकीचे दिवस ती काय करते, मी विचारलं नाही.
माझा पगार कितीवर आला, तिनंही विचारलं नाही.
एवढंच म्हणाली,
"रिकाम्या खोलीत धूळ कमी पडत न्हाई भाऊ,
तिला कुठं भाडं द्यायचंय?"

परवा इराप्पा पायरीवर बसला. पहिल्यांदाच.
"पंधराच्या खाली परवडत न्हाई ओ.
सोडा, कोळसा, गाडीला पेट्रोल.
भट्टी दहाला पेटती तशीच चाळीसला पेटती."
मी अण्णांकडं बघितलं.
अण्णा कॅलेंडरचं पुढचं पान उचलून
त्याच्या खालचं पान बघत होते.

आज लागलेल्या खोल्या पाच.
एकीत लेकरू होतं म्हणून एक चादर जादा. अकरा.
हसीनानं गाठोडं आणून ठेवलं
आणि बादली उचलून लगेच जिना चढली.

ओंदु, एरडु... हत्तु, हन्नोंदु.
इराप्पा थांबला नाही.
हन्नेरडु. हदिमूरु. हदिनाल्कु. हदिनैदु.

शेवटच्या चार मुठीनं चुरगळलेल्या,
पण चुरगळण्याखाली इस्त्रीची चौकट शाबूत,
त्याच्याच हातची. त्याला ती ओळखू येणारच.
टोक चिमटीतच ठेवून त्यानं माझ्याकडं बघितलं.
वर, बंद मजल्यावर, बादलीची कडी वाजत होती.

माझ्या खिशात एक पेन होतं, अण्णांना न सांगितलेलं.
टोपण दातानं ओढलं आणि लिहिलं, पंधरा.
शाई पहिल्या आकड्यावर अडखळली, मग उतरली.

इराप्पानं गाठ आवळली.
गाडीला किक मारता मारता म्हणाला,
"ह्या चार धुवत न्हाई. उन्हात तेवढ्या टाकतो.
बिल मात्र पंधराचंच हाय."